कुणाशी बोलतोय हा आवाज?

भिलाईत संध्याकाळी सिव्हिक सेंटरकडून किंवा नेहरूनगरच्या रस्त्यांवरून जाताना क्लास सुटलेली मुलं भेटतात. पाठीला सॅक, हातात सायकल आणि कानात इयरफोन. त्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात गाणं नसतं, धडा चालू असतो. पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं हे शहर गेली कित्येक वर्षं अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठीही ओळखलं जातं. 2016 मध्ये छत्तीसगडला आयआयटी मिळाली तीही भिलाईच्याच नावाने. त्यामुळे मोबाइलवरची शिकवणी इथे घरोघरी पोचली आहे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि बाहेरच्या खोलीत कुणी अनोळखी माणूस संवेग समजावून सांगतो आहे, हे आमच्या क्वार्टरांमधलं रोजचं चित्र.

त्या अनोळखी आवाजाविषयी मला लिहायचं आहे. पालक व्हिडिओ निवडतात तेव्हा बोर्ड कोणतं, अभ्यासक्रम नवा की जुना, चित्रं बरी आहेत का, फुकट आहे की पैसे भरायचे, सगळं बघतात. बोलतंय कोण आणि कसं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माहिती बरोबर असली की ती कोणत्याही आवाजात पोचते, असं आपण धरूनच चालतो. मी इथल्या शाळेत बरीच वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही आसपासची मुलं संध्याकाळी शंका घेऊन येतात, आणि हल्ली शंकेसोबत व्हिडिओही आणतात. ते ऐकत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की मुलाला काय उमजेल हे ठरवण्यात आवाजाचा वाटा फार मोठा आहे आणि त्याकडे आपण फार कमी लक्ष दिलं आहे.

मागच्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी आली होती. खुर्सीपारला राहते, घरी छत्तीसगढी बोलतात, शाळा हिंदी माध्यमाची. धडा श्वसनाचा. तिने आणलेला व्हिडिओ दिसायला देखणा होता. छातीचा पिंजरा, गुलाबी फुप्फुसं, त्यांच्याखाली डायफ्रामचा पडदा, हवेसाठी निळे बाण. आवाज संगणकाचा होता. शुद्ध हिंदी, पण सगळं एकाच पट्टीत. ‘सीओटू’ला तो ‘सीओ दो’ म्हणायचा. वाक्य संपलं तरी आणि विषय बदलला तरी त्याचं थांबणं तेवढंच. सगळ्यात वाईट म्हणजे ‘डायफ्राम नीचे जाता है’ हे शब्द येईपर्यंत चित्रातला डायफ्राम खाली जाऊन परत वर आलेला असायचा. मुलीने तो व्हिडिओ घरी पुन्हा पुन्हा पाहिला होता. मी विचारलं, धावून आल्यावर धाप का लागते? तिने श्वसनाची व्याख्या म्हणायला सुरुवात केली. व्याख्या बिनचूक होती, फक्त धापेचा तिच्याशी काही संबंध आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

मग मी मोबाइलचा आवाज बंद केला, तेच चित्र परत लावलं आणि स्वतः बोलायला लागले. हात बरगड्यांवर ठेव म्हटलं. श्वास घे. बरगड्या कुठे गेल्या? ‘बाहर,’ ती म्हणाली. आता पडद्यावर बघ, खाली काय सरकलं? तिची नजर चित्रावर गेली तेव्हाच मी पुढचं वाक्य बोलले. मध्ये एकदा तिच्या कपाळाला आठी पडली, तिथे मी तेच छत्तीसगढीत सांगून पाहिलं. माझी छत्तीसगढी तिच्या आईसारखी नाही, पण तिला ती चालली. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, की मग पोटभर जेवून धावलं तर डायफ्रामला खाली जायला जागाच कमी उरत असेल ना. हे व्हिडिओत नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. जोडणी तिची तिने केली होती.

व्हिडिओतली माहिती माझ्यापेक्षा कमी नव्हती, आणि मी फळ्यावर काढते त्याहून ती चित्रं कितीतरी सरस होती. मला फक्त ती मुलगी दिसत होती. कुठे थांबायचं, कशावर जोर द्यायचा, कोणतं वाक्य परत म्हणायचं, हे सगळं मी तिच्या चेहऱ्यावरून घेत होते.

शिकवणाऱ्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या विभागात त्यांचं काम आहे. 2003 मध्ये क्रिस्टिना सोबको आणि पॅट्रिशिया मॉटोन यांच्यासोबत त्यांनी दोन प्रयोग प्रसिद्ध केले. आकाशातली वीज कशी तयार होते हे सांगणारं छोटं चलतचित्र विद्यार्थ्यांना दाखवलं. चित्र तेच, शब्दही तेच, बदलला तो फक्त आवाज. एका प्रयोगात काही जणांना नेहमीच्या अमेरिकन वळणाची इंग्रजी ऐकवली आणि काहींना परक्या हेलाची. दुसऱ्यात माणसाचा आवाज आणि त्या काळातला यंत्राचा आवाज यांची तुलना होती. नंतरचे काही प्रश्न पाठांतरापलीकडचे होते. आकाशात ढग आहेत पण वीज नाही, असं का होत असेल? विजेची तीव्रता कमी करायची तर काय करता येईल? समजलेलं नव्या ठिकाणी लावून बघायला सांगणारे हे प्रश्न. त्यांची उत्तरं ओळखीच्या वळणाचा आवाज ऐकलेल्यांनी परक्या हेलापेक्षा चांगली दिली, आणि माणसाचा आवाज ऐकलेल्यांनी यंत्रापेक्षा चांगली दिली. मेयर यांनी यामागचं कारण असं मांडलं, की आवाजात माणूस जाणवला की ऐकणाऱ्याला आपल्याशी कुणी बोलत आहे असं वाटतं, आणि मग तो समजून घेण्याचा जास्त प्रयत्न करतो.

त्या प्रयोगातला परका हेल रशियन होता. मी भिलाईत वाढले, म्हणून हे वाचल्यावर मला पुढे सहज जाता येईना. कारण या शहरानं पोलाद करायला शिकून घेतलं ते रशियन हेलाच्या माणसांकडूनच.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या चार वर्षांत भाताच्या खाचरांच्या या मुलखात देशभरातून माणसं आली. माझे वडील तुमसरहून आले. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं ओलांडली की भिलाई, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडची पुष्कळ मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. वडिलांचं शिक्षण जेमतेम मॅट्रिकपर्यंतचं, इंग्रजी कामापुरती, रशियन अजिबात नाही. दुभाषे होते, पण प्रत्येक पाळीला प्रत्येक भट्टीपाशी कुठून असणार? वडील सांगायचे, टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून लोखंड बाहेर काढण्याच्या वेळी रशियन तज्ज्ञ आधी कोपराला धरून मागे ओढायचा आणि मग बोलायचा. वितळलेल्या लोखंडाच्या धारेचा रंग बोटानं दाखवायचा, मान हलवून ‘खराशो’, म्हणजे ‘छान’, म्हणायचा किंवा हात झटकून नापसंती दाखवायचा. धार वाहत असताना वाक्याचा काही अर्थ लागला नाही, तरी ‘खराशो’ कशाला म्हटलं हे दिसत होतं. कळलं नाही तर वडील बोट दाखवून विचारायचे, आणि तो परत दाखवायचा. काही महिन्यांत त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीला यांचा कान सरावला, तसाच यांच्या हिंदीला त्याचा.

मग मेयर यांच्या विद्यार्थ्यांना रशियन हेलाचा अडथळा झाला आणि वडिलांच्या पिढीला झाला नाही, हे कसं? मला वाटतं, अडथळा वडिलांनाही होताच. पण त्यावर मात करायला त्यांच्याजवळ बाकी सगळं होतं. पुढ्यात भट्टी होती, बोलणाऱ्याचा हात होता, चूक झाली तर लगेच दिसणारा परिणाम होता, आणि परत विचारायची सोय होती. व्हिडिओ बघणाऱ्या मुलापुढे यातलं काहीच नसतं. तिथे शिकवणारा माणूस म्हणजे फक्त तो आवाज. त्या आवाजात कान अडकला की सोडवायला कुणी नाही. क्लार्क आणि गॅरेट या दोन अमेरिकन संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं होतं, की परक्या हेलाला ऐकणाऱ्याचा कान अगदी मिनिटभरातही सरावू लागतो. पण मेयर यांचं चलतचित्रच दोन-अडीच मिनिटांचं होतं, आणि आपल्या मुलांचे बरेच व्हिडिओ फार मोठे नसतात. कान सरावेपर्यंत धड्यातला कळीचा भाग निघून गेलेला असतो.

यावरून परक्या वळणाचा माणूस शिकवायला नको, असा अर्थ कुणी काढला तर तो मला मान्य नाही. भिलाईला तसा अर्थ काढण्याचा हक्कच नाही. मला एवढंच दिसतं, की समोर नसलेल्या माणसाच्या आवाजावर फार मोठा भार असतो. समोर असता तर त्याच्या डोळ्यांनी, हातांनी आणि थांबण्यानं जे काम झालं असतं, ते सगळं त्याच्या एकट्या गळ्याला करावं लागतं. त्यामुळे ऐकणारा कोण आहे, त्याच्या घरी काय बोलतात, तो कुठे अडेल, याचा विचार बोलण्याआधीच झालेला असावा लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न मोबाइलसोबत आलेला नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात भारताने उपग्रहावरून शिक्षण देण्याचा प्रयोग केला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह उधार घेतलेला, सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं, सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. तेव्हाच्या मध्य प्रदेशातले जे जिल्हे निवडले होते त्यांत रायपूर आणि बिलासपूरसोबत आमचा दुर्गही होता. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करून दाखवणं हे त्या काळातलं खरंच मोठं धाडस होतं, आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांसाठी हिंदी एकच होती. दुर्गकडचं छत्तीसगढी बोलणारं मूल, मुजफ्फरपूरकडचं बज्जिका बोलणारं आणि कोट्याकडचं हाडौती बोलणारं, तिघांनाही एकच आवाज.

त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज इथल्या प्रक्षेपकावरून स्थानिक दूरचित्रवाणी सुरू झाली. तिथले कार्यक्रम त्या भागातल्या चरोतरी बोलीत होत. गावातलीच माणसं त्यांत बोलत, गावातलेच प्रश्न असत. 1984 मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचं युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. उपग्रहाची पोच मोठी आणि पीजची लहान, पण पीजवरून बोलणाऱ्याला आपण कुणाशी बोलतो आहोत ते नेमकं माहीत होतं.

कोविडच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा हीच गोष्ट निराळ्या रूपात पुढे आली. छत्तीसगड सरकारने एप्रिल 2020 मध्ये ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन योजना सुरू केली. पण बस्तरच्या बऱ्याच गावांत नेटवर्कच नव्हतं. तिथे काही ठिकाणी लाउडस्पीकर लावून धडे ऐकवले गेले, आणि ‘बुलटू के बोल’ नावाने धड्यांचं ध्वनिमुद्रण ब्लूटूथवरून या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये पोचवलं गेलं. चित्र नाही, फळा नाही, नुसता आवाज. महाराष्ट्रात त्याच वर्षी आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. ‘टिलीमिली’त पुस्तकातला धडा वाचून दाखवला जात नसे. घरात मिळणाऱ्या वस्तू घेऊन मोठी माणसं मुलांसोबत काहीतरी करत आणि करता करता बोलत. तसं बोलणं ऐकलं की पडद्यापुढे बसलेल्या मुलाचेही हात आपोआप हलायला लागतात. त्या वर्षाची आठवण फार जड आहे, म्हणून त्यातली ही चांगली कामंही लवकर विसरली गेली.

आवाजानं शिकवायची विद्या शोधायला मला मात्र सांता बार्बरापर्यंत जावं लागत नाही. भिलाईपासून जवळच गनियारी हे तीजनबाईंचं गाव. पंडवानी देशोदेशी पोचवणाऱ्या या बाई भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंडवानीच्या दोन शैली. वेदमतीत गायक बसून सांगतो, कापालिकात उभा राहून. तीजनबाईंची कापालिक. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझं लक्ष मात्र मागे बसलेल्या रागीकडे जायचं. रागी म्हणजे साथ देणारा. तो हुंकार देतो, ‘हव’ म्हणतो, मध्येच विचारतो, की मग पुढे काय झालं? एखाद्या ठिकाणी चकित होतो, एखादी ओळ परत म्हणतो. श्रोत्यांच्या मनातला प्रश्न तो त्यांच्या वतीने विचारत असतो. सांगणाऱ्याला त्यातून कळतं, की गोष्ट पोचली, आता पुढे जायला हरकत नाही. आपल्या पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ करत उभे असतात, कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी असतात. सांगणाऱ्याला एकट्याला सोडायचं नाही, ऐकणाऱ्याचा एक प्रतिनिधी त्याच्या शेजारी ठेवायचा, ही व्यवस्था आपल्या लोकांनी फार पूर्वी लावून ठेवली आहे.

शिकवण्याच्या व्हिडिओत हा रागी नसतो. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दुसऱ्या काही प्रयोगांत दिसलं आहे, की धड्याची भाषा पुस्तकी न ठेवता ऐकणाऱ्याला उद्देशून ठेवली की समज वाढते. मला वाटतं, गैरहजर रागीची जागा भरण्याचाच तो एक मार्ग आहे. चांगले शिक्षक हे कुणी न शिकवताच करतात. कॅमेऱ्यापुढेही ते म्हणतात, ‘आता तुम्हाला वाटेल की हे उलटं कसं?’ आणि एक श्वास थांबतात. त्या एका श्वासात मुलाला खरंच तसं वाटून जातं.

त्या श्वासाला जागा ठेवायची तर पार्श्वसंगीत आधी काढावं लागेल. रोक्साना मोरेनो आणि मेयर यांनी 2000 मध्येच दाखवलं होतं, की धड्याला संगीत आणि अनावश्यक ध्वनी जोडले की शिकणं कमी होतं. तरीही आजचे बहुतेक व्हिडिओ खाली सतत काहीतरी वाजत ठेवतात. मुलांचं मन रमावं म्हणून असेल, पण ते वाजणं शिक्षकाच्या थांबण्यावर येऊन बसतं.

क्लासच्या मुलांचा वेगाचा प्रश्न निराळा आहे. ती दीडपट, दुप्पट वेगाने व्याख्यान ऐकतात आणि पालक हताश होतात. लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये सांगितलं, की दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे पडतो. तेव्हा बारावीच्या मुलाला उजळणी करताना वेग वाढवू द्यावा. त्या प्रयोगातले विद्यार्थी मात्र महाविद्यालयातले होते आणि त्या भाषेत मुरलेले होते. खुर्सीपारच्या सातवीतल्या मुलीला, जिची ती घरची भाषा नाही, जी तो विषय पहिल्यांदा ऐकते आहे, तिला हे लागू करू नये. व्हिडिओंविषयीच्या एका मोठ्या पाहणीचा आधारही नेहमी दिला जातो. 2014 मधल्या त्या अभ्यासात एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या 69 लाख वेळच्या व्हिडिओ बघण्याची नोंद तपासली होती. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ मुलं नेटाने बघतात, भरभर आणि उत्साहाने बोलणारे शिक्षक त्यांना धरून ठेवतात, असं त्यात निघालं. त्यातलीच कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की महागड्या स्टुडिओत केलेल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षक जवळ बसून बोलतो आहे असं वाटणारे साधे व्हिडिओ जास्त बघितले जाऊ शकतात. अर्थात बघत राहणं आणि शिकणं यांत अंतर आहे. पण जवळ बसून बोलणं हे पैशाचं काम नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता यंत्राचा आवाज पुन्हा आला आहे, आणि या वेळी तो 2003 सारखा खरखरीत नाही. स्कॉटी क्रेग आणि नोआ श्रोडर यांनी 2017 मध्ये दाखवलं, की जुन्या यंत्राच्या आवाजापेक्षा नव्या यंत्राच्या आवाजातून विद्यार्थी जास्त चांगलं शिकतात, आणि शिकायला मदत करण्याच्या बाबतीत ते त्याला माणसाच्या आवाजाच्या बरोबरीचा मानतात. हे मला प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. यंत्र म्हणजे वाईट असा सरसकट निकाल देता येत नाही. ज्या भाषांत धडे बोलायला माणसंच मिळत नाहीत, तिथे यंत्राचा बरा आवाज हा मोठा आधार ठरेल. हलबी आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांना असा आधार उद्या मिळाला तर मला आनंदच होईल.

माझी हरकत यंत्राला नाही, त्याच्या भरवशावर आपण सोडून देत असलेल्या कामाला आहे. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेला धडा घ्यायचा, भाषांतराची कळ दाबायची, आवाजाची कळ दाबायची, आणि मराठीत, छत्तीसगढीत, ओडियात शिक्षण पोचलं असं जाहीर करायचं. यात ऐकणाऱ्याचा विचार करणारा माणूस कुठेच नाही. ‘सीओ दो’ म्हणणारा आवाज ऐकून एकही शिक्षक मध्ये ‘थांबा’ म्हणाला नाही, याचा अर्थ तो धडा मुलांपर्यंत जाण्याआधी कोणत्याही शिक्षकाने ऐकलाच नव्हता.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सुरू झाला. संगणकाची कौशल्यं शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे. पडद्यावरचं इंग्रजी तसंच राहतं, कारण पुढे नोकरीत मुलाला त्याच इंग्रजी पडद्यावर काम करायचं असतं. बोलणं मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत, माणसांच्या आवाजात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली पायरी ही, की धड्याची संहिता आवाज देण्याआधी विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. तो नवखा जिथे अडतो तिथे संहिता दुरुस्त होते. म्हणजे रागी आधीच बसवलेला असतो.

भिलाईतल्या मराठी घरांपुढे आणखी एक गोष्ट आहे. मूल घरी मराठी, शाळेत इंग्रजी किंवा हिंदी, मैदानात छत्तीसगढीमिश्रित हिंदी. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवणाऱ्या कवी मुक्तिबोधांचं घरही मराठीच होतं आणि लेखन हिंदीत झालं, तेव्हा या मुलखात दोन भाषांत जगणं नवं नाही. पण तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलांना विज्ञान समजावणारा घरचा आवाज आजकाल मिळत नाही. आजी-आजोबांना वाटतं, आपल्याला इंग्रजी पुस्तक कळत नाही, आपण काय सांगणार? ब्लास्ट फर्नेसवर आयुष्य काढलेला माणूस नातवाला ‘क्षपण’ शिकवणारा परका व्हिडिओ लावून देतो आणि शेजारी गप्प बसतो. लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन कसा काढून घेतात हे त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कोक किती घालायचा, चुनखडी कशाला घालायची, स्लॅग वर का तरंगतो, हे त्याच्याइतकं ठामपणे कोण सांगेल? रसायनशास्त्राच्या पुस्तकातली समीकरणं व्हिडिओ दाखवेलच. त्या समीकरणांना घाम आणि रंग देणारा आवाज घरात बसलेला आहे.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, की मुलाला व्हिडिओ लावून देण्याआधी पहिली दोन मिनिटं तुम्ही स्वतः नुसतं ऐका. चित्राकडे बघू नका. बोलणारा थांबतो का, कुणाशी बोलतो आहे असं वाटतं का, हे बघा. नसेल वाटत तर आवाज बंद करा आणि तुम्ही बोला, तुमच्या भाषेत, जेवढं येतं तेवढं. आणि भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या निवृत्त शिक्षकांना आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या मंडळींना माझी विनंती आहे. तुम्हाला पक्का माहीत असलेला एक धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करा. मोबाइल पुरतो, स्टुडिओ लागत नाही. रेकॉर्ड करताना फक्त समोर एक मूल बसवा, आणि ते जिथे ‘हं’ म्हणणार नाही तिथे थांबून परत सांगा.